बेनूबाई काहीच करत नाही

आंधळगावात बाबा मागावर बसत.
कोशाचा धागा तुटला की थुंकी लावून
दोन टोकं चिमटीत वळत आणि म्हणत,
पाय बरं, कुठं तुटला होता, दाखव.
मला कधी दाखवता आलं नाही.

पुढं मीही तेच केलं, फक्त खोली अंधारी होती.
पांढरे सुती मोजे, कातर, चिकटपट्टी,
खुंट्यांवर टांगलेल्या दुसऱ्यांच्या फिती.
रडायच्या आधी कुणी नाक ओढायचं, ते कापलं.
नाव आठवत कुणी थांबायचं, ते कापलं.
दाराकडं चालत जाणारी माणसं
मी थेट दारातच उभी केली.
सव्वीस वर्षांत एकही दिग्दर्शक म्हणाला नाही
की अरे, इथं काहीतरी होतं.
शेवटी पाटी यायची, संकलन : सु. हेडाऊ.
तोवर लोक उठून गाडीच्या किल्ल्या चाचपत असायचे.
एका मासिकानं लिहिलं,
श्री. हेडाऊ यांची कात्री धारदार आहे.
ते कात्रण आईनं देव्हाऱ्यात ठेवलं,
‘श्री’वर कुंकू लावून.

एक्कावन्नाव्या वर्षी पाटल्या मोडून कॅमेरा घेतला.
कुणी विचारलं तर सांगायची, भाड्याचा आहे.

अर्जुनी मोरगावच्या अंगाला एक तरा आहे.
बाया त्यात कमरेभर उतरतात, बेशरम उपटतात,
आणि मासोळीला लागणारं गवत पुन्हा लावतात,
धानाचं परं लावावं तसं, वाकून, मागं सरकत.
बेनूबाई वलथरे त्यांची म्होरकी.
मी म्हटलं, बाई, आणखी एकदा उतरा,
मघाशी ऊन नीट नव्हतं.
ती म्हणाली, मासोरी दोनदा येते का वो?
आणि पारीवर जाऊन बसली.

मग मी तिचं बसणंच घेतलं.
तिनं लुगडं पिळलं नाही.
खऱ्र्याची पुडी सोडली, खाल्ला नाही.
पाण्याकडं पाहत राहिली.
एक पाणकोंबडी आली, गेली.
चार मिनिटं अकरा सेकंद.
माझा अंगठा हवेत कळ शोधत होता,
आता काप, आता.
मी हात मांडीखाली दाबून धरला.

त्या हाताचंच भ्या, म्हणून नागपूरला
संकलनाला एक पोरगा ठेवला, निहाल रंगारी.
त्यानं त्रेचाळीस तासांची पन्नास मिनिटं केली.
बेनूबाईचे नऊ सेकंद उरले.
जोड सुरेख होती. कुठं तुटलं, मला सापडेना.
मी म्हटलं, छान.
खाली जाऊन चहा घेतला. आणखी एक घेतला.
वर येऊन म्हटलं, चार अकरा परत लाव.
तो म्हणाला, मॅडम, पण इथं काही होतच नाही.
मी त्याच्या हातांकडं पाहिलं.
मोजे नव्हते. आता लागत नाहीत.

समाजमंदिराच्या भिंतीला ताजा चुना मारला होता.
पोरं पुढं, बाया पोत्यांवर,
कुत्रं भिंतीच्या अगदी बुडाशी.
बेनूबाई बसलेली दिसली
आणि मी मान खाली घातली. आता कंटाळतील.
तेवढ्यात मागून कुणी ओरडलं,
ते पाय, बुडबुडे!
बोटरी होय.
बोटरी नाई रे, मरळ. पिल्लं घेऊन चालली.
लावलेल्या गवतातून चालली, पाय, पाय!
अख्खं गाव बोटं करून उभं.
बेनूबाई एकटी खाली बसलेली.
म्हून तं उतरली नाई मी, ती म्हणाली,
शेजारणीला, मला नाही.

ती चार मिनिटं मी शंभरदा पाहिली होती.

पाटी येऊन गेली. कुणी उठलं नाही,
भात शिजायचा होता.
मी बेनूबाईला भिंतीपाशी नेलं,
विचारलं, कुठं होती?
तिनं रिकाम्या भिंतीवर बोट टेकवलं.
इथं. मंग इथं. मंग इकडं वळली.
दिसली नाई तुले?
तिच्या बोटाला चुना लागला होता.
मी वाकून बघत राहिले.